आधी चित्रं, मग पाहुणे
चित्रप्रदर्शनांच्या संयोजकांना एका विद्यार्थिनीचं खुलं पत्र

कोल्हापूर

आदरणीय संयोजकहो,



पत्र लिहिण्यास कारण की, आपल्या भागात प्रदर्शनं वाढली आणि त्यांतली चित्रं बघणं मात्र दिवसेंदिवस अवघड होत चाललंय.

मी चित्रकलेच्या पदविकेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रदर्शनं बघणं हा आमच्या अभ्यासाचा भाग आणि प्रदर्शनांच्या मदतीला जाणं हा कुठेही न छापलेला अभ्यासक्रम. कुणाचं एकल प्रदर्शन असतं, कुठल्या संस्थेचं वार्षिक असतं, कुणा ज्येष्ठांच्या स्मरणार्थ असतं, कधी एखाद्या महोत्सवात खाद्यपदार्थांच्या स्टॉलांना लागून एक मांडव चित्रांसाठी सोडलेला असतो. सरांना तुमचा फोन येतो, सर वर्गात येऊन "चार-पाच जण पाहिजेत" म्हणतात आणि आम्ही निघतो. टेम्पोतून चित्रं उतरवतो, पॅनेल सरकवतो, दोऱ्या बांधतो, लेबलं चिकटवतो, पाहुण्यांना पाणी नेऊन देतो आणि शेवटच्या दिवशी सगळं परत बबल रॅपमध्ये गुंडाळतो. त्यामुळे तुमचं प्रदर्शन आम्हाला पाठीमागून दिसतं. पाहुण्यांना जे दिसत नाही, किंवा दिसू नये अशी तुमची इच्छा असते, ते आम्हाला दिसतं.

कुणाचंही नाव मी या पत्रात घेणार नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा या टापूत जे थोड्याफार फरकाने सगळीकडे पाहिलं तेच लिहिते आहे. वाचताना प्रत्येकाला हे शेजारच्या संस्थेबद्दल आहे असं वाटायची शक्यता आहे. कृपया तसं वाटू देऊ नका.

एक गोष्ट आधीच मान्य करते. तुम्ही पदरमोड करता. हॉलचं भाडं, मांडव, छपाई, चहा यांचा हिशेब जुळवताना तुमच्यातल्या काहींनी स्वतःचं रंगकाम बाजूला ठेवलेलं मी पाहिलंय. मुंबईत जहांगीर कलादालन 1952 पासून आहे, पण तिथे भिंत मिळायला चित्रकारांना वर्षानुवर्षं थांबावं लागतं आणि आम्हा विद्यार्थ्यांना ते सहलीतच बघायला मिळतं. आमच्यासाठी मूळ चित्र म्हणजे तुम्ही टांगलेलं चित्र. मोबाइलवर रेम्ब्राँ कितीही मोठा करून बघितला तरी रंगाचा थर कुठे जाड आहे आणि कुठे कॅनव्हास नुसता पुसून घेतलाय, हे कळत नाही. ते तुमच्या प्रदर्शनात, नाक चित्राला लागेल इतकं जवळ गेल्यावर कळतं. म्हणून तर रागवायला येते आहे. जिथून काही मिळत नाही तिथे कुणी रागवत बसत नाही.

तुमच्या तोंडी एक वाक्य नेहमी असतं: "लोक येत नाहीत हो. लोकांना चित्रातलं काही कळत नाही." पहिल्या वर्षी मी त्यावर मान डोलवत होते. आता डोलवत नाही. ज्या गावात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटकांचे पडदे रंगवले, तिथे पिटात बसणाऱ्या माणसानेसुद्धा उत्तम रंगकाम तासन्‌तास बघितलेलं होतं. पुढे बाबूरावांनी आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवली, ती तर रस्त्यावर लागायची. ही फार जुनी गोष्ट झाली म्हणाल, तर टाउन हॉलच्या बागेत रंगबहार या संस्थेची 'मैफल रंगसुरांची' भरते तेव्हा या. एकीकडे गाणं चालू असतं, दुसरीकडे झाडांखाली चित्रकार व्यक्तिचित्रं, निसर्गचित्रं करत असतात, शिल्पकार माती लावत असतात. आणि भोवती कोण असतं? पिशवीत भाजी घेतलेल्या बायका, शाळा सुटलेली पोरं, सायकल टेकवून उभा राहिलेला माणूस. चेहऱ्याचा कच्चा आराखडा पडल्यापासून डोळ्यात शेवटचा पांढरा ठिपका पडेपर्यंत ती माणसं हलत नाहीत. "नाक जमलं, पण ओठ अजून आले नाहीत" हे मी तिथे एका आजोबांच्या तोंडून ऐकलंय आणि ते बरोबर होतं. हीच माणसं तुमच्या हॉलच्या दारावरून पुढे निघून जातात. म्हणजे दोष त्यांच्या डोळ्यांत नाही. आपण दार कसं लावतो आणि भिंत कशी मांडतो, तिथे कुठेतरी आहे.

आधी उद्घाटनाचं बोलू. कारण खरं सांगायचं तर तुम्ही प्रदर्शन भरवत नाही, उद्घाटन भरवता. बाकीचे दिवस हे त्या तासाचं शेपूट असतं.

हॉल ताब्यात येतो तेव्हा पहिली चर्चा व्यासपीठ कुठे टाकायचं याची होते. ते हॉलमधल्या सगळ्यात चांगल्या भिंतीसमोर येतं, कारण फोटो तिथेच बरे येतात. त्या भिंतीवर मग फ्लेक्स लागतो. फ्लेक्सवर पाहुण्यांचे चेहरे असतात आणि ते प्रदर्शनातल्या कुठल्याही व्यक्तिचित्रापेक्षा मोठे असतात. चित्रांना उरलेल्या भिंती मिळतात. ज्यांची चित्रं फ्लेक्सच्या आजूबाजूला येतात त्यांच्यासमोर खुर्च्यांच्या रांगा असतात, त्यामुळे पहिल्या दिवशी ती कुणी बघूच शकत नाही. आणि गर्दी तर पहिल्याच दिवशी असते! समई एकदा एका मोठ्या कॅनव्हासपासून हातभर अंतरावर ठेवलेली होती. ती हलवूया का म्हणून मी विचारलं, तर "फोटोत मागे चित्र यायला पाहिजे" असं उत्तर मिळालं. तैलरंगात जवसाचं तेल असतं, हे मी तिथे सांगत बसले नाही. समईच्या बाजूला उभी राहिले आणि वात वाऱ्याने हलली की माझा जीव हलायचा.

मग पाहुणे येतात. ठरल्या वेळेनंतर तासाभराने आले तर वेळेवर आले म्हणायचं. सत्कार होतात, आधी पाहुण्यांचा, मग पाहुण्यांबरोबर आलेल्यांचा, मग हॉलची व्यवस्था बघणाऱ्यांचा. भाषणाची सुरुवात हमखास अशी: "मला चित्रातलं काही कळत नाही, पण..." आणि टाळ्या पडतात. साखर कारखान्याच्या मोळीपूजनाला येऊन कुणी "मला उसातलं काही कळत नाही" म्हणून दाखवावं. पुढच्या निवडणुकीत शेतकरी त्याला बघून घेतील. आपल्याकडे मात्र तो विनय ठरतो. नंतर फीत कापली जाते, पाहुणे हॉलला एक फेरी मारतात, फेरीत त्यांच्याशी कुणीतरी रस्त्याच्या कामाबद्दल बोलत असतं, आणि गाडी निघून जाते. गाडीबरोबर निम्मा हॉल रिकामा होतो.

पाहुणे बोलवू नका असं मी म्हणत नाही. त्यांच्यामुळे हॉल मिळतो, देणगी मिळते, हे आम्हाला समजतं. मागणं एवढंच: भाषणं अर्ध्या तासात आवरा आणि वाचलेल्या वेळात एखाद्या जाणत्या चित्रकाराला पाहुण्यांना तीन चित्रांसमोर उभं करू द्या. सगळी चित्रं नकोत, तीनच. हे चित्र कुठे बसून केलं, पाण्यात हा हिरवा का लावला, ही जागा कोरी का सोडली, एवढं सांगितलं तरी पुरे. बाकीची माणसं आपोआप मागे येऊन उभी राहतात. एकदा एका प्रदर्शनात पाहुण्यांना उशीर झाला म्हणून वेळ काढायला एका ज्येष्ठ चित्रकारांनी असं केलं होतं. माझ्या आठवणीतलं ते सगळ्यात चांगलं उद्घाटन, आणि तेव्हा उद्घाटन अजून झालेलं नव्हतं.

आता टांगणीचं. हॉल आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी सकाळी मिळतो, कारण एका दिवसाचं भाडं वाचवायचं असतं. शिडी नसते. असली तर तिचा एक पाय आखूड असतो. मग टेबलावर खुर्ची आणि खुर्चीवर मी. चित्रं अपेक्षेपेक्षा जास्त आलेली असतात, कारण सहभागाचं शुल्क घेऊन सगळ्यांना हो म्हटलेलं असतं, आणि मग एकाच भिंतीवर वरखाली दोन ओळी लागतात. वरच्या ओळीतलं चित्र बघायला मान वर करावी लागते आणि काचेत ट्यूबलाइटच दिसते. खालच्या ओळीसाठी वाकावं लागतं. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 57 ते 60 इंचांवर यावा, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर चित्र येतं, ही जगभर पाळली जाणारी साधी पद्धत आहे. त्याला पैसे लागत नाहीत. पट्टी, पेन्सिल आणि सुताचा दोरा लागतो. पण त्यासाठी चित्रं कमी घ्यावी लागतात, म्हणजे कुणालातरी नाही म्हणावं लागतं, आणि आपल्या गावात नाही म्हणणं हे उद्या लग्नात समोरासमोर येणाऱ्या माणसाला नाही म्हणणं असतं. ही अडचण मला कळते. तरीही नाही म्हणा. हाफ इम्पीरियल कागदावरचं एक नाजूक जलरंगचित्र छताजवळ टांगून तुम्ही त्या माणसाला होकार दिलेला नसतोच.

उजेडाबद्दल तक्रार करायची तर औंधला जाऊन या. साताऱ्यापासून ते फार लांब नाही. तिथलं श्री भवानी संग्रहालय औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभारलं. राजे स्वतः चित्रकार होते, म्हणून इमारत बांधतानाच त्यांनी दिवसाचा उजेड वरून चित्रांवर कसा येईल याचा विचार केला. डोंगरावरच्या त्या इमारतीत राजा रविवर्मांची चित्रं आहेत, हेन्री मूरचं आई आणि मुलाचं दगडी शिल्प आहे, आणि ते सगळं नीट दिसतं. एका लहान संस्थानाला जे त्या काळात सुचलं ते आपल्याला आज का सुचत नाही? आपल्या हॉलमध्ये उजेड सभेसाठी असतो, खुर्च्यांवर पडणारा. भिंतीवर पडतो तो उरलेला. काही ठिकाणी मोठ्या उत्साहाने हॅलोजन लावतात, तो जलरंगावर दिवसभर भाजत राहतो. कागदावरच्या कामाला संग्रहालयांत 50 लक्सच्या आसपासच उजेड देतात, तैलरंगाला त्याच्या तीन-चार पट चालतो. एवढी मोजमापं तुम्ही करा असं म्हणणं नाही. साधे एलईडीचे स्पॉट, वरून तिरपे, काचेत आपलाच चेहरा दिसणार नाही अशा कोनात लावलेले, एवढं भाड्याने सहज मिळतं. फ्लेक्सच्या खर्चातून काही भाग निघेल.

लेबलं. 'शीर्षक: निसर्गचित्र. माध्यम: वॉटर कलर.' हे मला समोर दिसतंच आहे! चित्र कुठलं, कोणत्या साली केलं, आकार काय, यातलं काही नाही. चित्रकाराच्या नावात चूक आहे आणि आम्हाला ती पेनाने दुरुस्त करायला सांगितलेली आहे. सालाचा आग्रह मी का धरते ते सांगते. एखाद्या चित्रकाराने दहा वर्षांत काय बदललं हे आम्हाला शिकायचं असतं. साल नसेल तर आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं हेच कळत नाही. आबालाल रहमान आपल्याच गावचे, शाहू महाराजांच्या पदरचे चित्रकार. 1931 मध्ये गेले. रंकाळा, कोटीतीर्थ यांच्या काठाने फिरून त्यांनी किती काम केलं याच्या गोष्टी सगळ्यांना पाठ असतात, महाराज गेल्यावर त्यांनी आपली चित्रं रंकाळ्यात सोडून दिली असंही सांगतात. गोष्टी भरपूर आहेत, नोंदी थोड्या. त्या काळात नोंदी राहिल्या नाहीत हे एक वेळ समजू शकतं. पण तुमच्या गेल्या वर्षीच्या प्रदर्शनात कोणती चित्रं होती हे आज तुम्हाला सांगता येईल का? मी विचारून बघितलंय. एक पाहुण्यांचा फोटो मिळतो आणि एक बातमी. बातमीत मान्यवरांची नावं पूर्ण असतात आणि चित्रकार शेवटच्या ओळीत 'आदी' मध्ये गेलेले असतात.

छापील कॅटलॉग परवडत नाही, मान्य. पण प्रत्येक चित्राचा एक नीट फोटो, सोबत नाव, साल, माध्यम, आकार, आणि हे सगळं एका फाइलमध्ये. हे काम आम्ही करून देतो, आम्हाला फक्त चित्रं टांगण्याआधी दिवसाउजेडी एक तास द्या.

चित्रांच्या किमती तुम्ही का लपवता हेही एक कोडंच आहे. किंमत विचारली की "सरांना विचारून सांगतो" असं आम्हाला म्हणावं लागतं, आणि विचारणारा ओशाळून निघून जातो. त्याला वाटतं आपण काहीतरी गैर विचारलं. टेबलावर एक यादी ठेवा. संस्था किती टक्के घेते तेही चित्रकाराला आधीच लेखी सांगा. गुजरीत दागिना घेताना घडणावळ किती हे विचारायला कुणी लाजत नाही.

आता येणाऱ्या माणसांकडे वळते, कारण माझा सगळ्यात मोठा राग तिथे आहे. दुपारी हॉल रिकामा असतो. दारात टेबल, टेबलावर अभिप्रायाची वही, तिच्यामागे आमच्यातलं कुणीतरी. चित्रकार असले तर फोनवर असतात किंवा दुसऱ्या चित्रकाराशी तिसऱ्याबद्दल बोलत असतात. एकदा शेजारच्या दुकानातला एक हमाल थंड पाणी प्यायला आत आला. ग्लास भरून घेतला आणि पिता पिता समोरच्या चित्राकडे बघत राहिला. पंचगंगेच्या घाटाचं होतं, जलरंग. "हा घाट हाय न्हवं?" म्हणाला. मी हो म्हटलं. "मग पाणी जांभळं का केलंय? तिथं पाणी जांभळं कधी नसतंय." मी म्हटलं, संध्याकाळी देवळांची सावली पाण्यावर पडते तेव्हा बघा. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "पावसाळ्यात तांबडं असतंय, ते कुणी काढलं नाही व्हय?" आणि ग्लास हातात धरून त्याने हॉलभर तांबडं पाणी शोधलं. घाटाची चित्रं पुष्कळ होती, पण सगळी हिवाळ्यातली, निवळ पाण्याची. त्याचं म्हणणं बरोबर होतं. आषाढात आमची नदी मातकट तांबडी होऊन चढते, दरवर्षी आम्ही धास्तावून तिच्या पाण्याची उंची विचारत असतो, आणि प्रदर्शनांतल्या पंचगंगेला कधी पूर आलेला नसतो. यापेक्षा नेमकी टीका मी कुठल्याही परीक्षकाकडून ऐकलेली नाही. तेवढ्यात व्यवस्था बघणारे एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "पाणी बाहेरच्या टाकीतलं घ्यायचं." तो गेला. वहीत त्याचा अभिप्राय नाही. वहीत 'खूप छान', 'अप्रतिम', 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' एवढंच आहे.

कळत नाही म्हणता ते याला?

तर विनंती अशी की दुपारी हॉलमध्ये बोलणारं माणूस ठेवा. आम्ही थांबतो, पण आम्हाला आधी चित्रकारांशी भेटवा म्हणजे आम्हालाही काही सांगता येईल. दोन-चार खुर्च्या भिंतीलगत न ठेवता चित्रांसमोर ठेवा. पन्नाशीपुढच्या बायका गुडघे दुखतात म्हणून लवकर बाहेर पडतात, कंटाळा आला म्हणून नाही. संध्याकाळी दुकानं आणि कार्यालयं सुटतात तेव्हा तुमचा हॉल बंद करायची घाई सुरू होते, ती वेळ थोडी पुढे न्या.

शाळांच्या बाबतीतही तेच. मुलांची रांग येते, हात मागे बांधलेले, "हात लावू नका, पुढे चला" असं ऐकत हॉलला प्रदक्षिणा घालून बाहेर पडते. आकडा मात्र तुमच्या अहवालात जातो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा देणारी मुलं कितीतरी माध्यमिक शाळांत आहेत, दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात म्हणून का होईना, पण ती रंगाला हात लावतात. त्यांना थोड्या संख्येने बोलवा, प्रत्येकाला कागद-पेन्सिल द्या, आवडलेल्या एका चित्रासमोर बसून त्याचा आराखडा काढायला सांगा. जमिनीवर बसतील, गोंधळ होईल, होऊ दे.

स्पर्धांच्या फॉर्मवर एक ओळ कायम असते: 'चित्रांच्या नुकसानीस आयोजक जबाबदार राहणार नाहीत.' आमच्या वर्गातल्या एकाचं चित्र काच फुटून, काचेचा तुकडा कागदात रुतून परत आलं, आणि त्याला ही ओळ दाखवण्यात आली. थोडं वाचल्यावर मला कळलं की 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 57 व्या कलमात, चित्र विकल्यानंतरही चित्रकाराचं नाव त्याच्याशी जोडलेलं राहण्याचा आणि कामाची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा हक्क आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भव्य भित्तिशिल्प सरकारने उतरवून गोदामात टाकलं होतं. ते कोर्टात गेले आणि 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना शिल्पाचे अवशेष परत द्यायला आणि पाच लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. फुटलेली काच आणि उतरवलेलं शिल्प एका मापात बसतील असं मला वाटत नाही, आणि कुणी विद्यार्थी कोर्टात जाणारही नाही. पण ती ओळ छापताना चित्राची काही किंमत आहे हे लक्षात असावं. आमची चित्रं न विचारता, नाव न घालता तुमच्या पुढच्या वर्षीच्या पत्रिकेवर येतात, तेव्हाही असावं. आणि नाकारलेल्या चित्राबरोबर परीक्षकांची एक ओळ पाठवाल का? 'रचना ढिली आहे' एवढं कळलं तरी सहभागाचं शुल्क वसूल झालं असं आम्ही समजू.

आमच्याबद्दल आता. आम्हाला मानधन मिळत नाही, प्रमाणपत्र मिळतं. चालेल. पण काम रात्री अकरापर्यंत चालतं तेव्हा शेवटची बस गेलेली असते, आणि मुली घरी कशा जाणार हा प्रश्न सगळं आवरल्यावर कुणाला तरी सुचतो. हॉलच्या स्वच्छतागृहाची किल्ली शिपायाकडे असते आणि शिपाई संध्याकाळी घरी जातो. याबद्दल लिहायला मला संकोच वाटत होता, वर्गातल्या मुलींनी लिहायलाच लावलं. किल्ली आमच्याकडे ठेवा. बस नसेल तर रिक्षाचे पैसे द्या. मदत करणाऱ्यांची नावं दारातल्या फलकावर लिहा, खाली, लहान अक्षरांत चालतील.

आणि एक, ज्याला पैसे अजिबात लागत नाहीत. कोणतं चित्र कुठे लागणार हे तुम्ही आणि दोघं-तिघं ज्येष्ठ ठरवता तेव्हा आम्ही बाहेर टेम्पोजवळ उभे असतो. ते ठरताना आम्हाला आत राहू द्या. या भडक लाल चित्राच्या बाजूला ते करडं चित्र का मरतं, चारकोलची कामं नेहमी बोळातच का लागतात, एखादं चित्र एकट्याने भिंत का मागतं, हे वर्गात शिकवत नाहीत, शिकवता येतही नाही. हमालीला आमची ना नाही, पण हमालीबरोबर तेवढं शिकायला मिळू दे. अभिनेते चंद्रकांत मांडरे यांनी आपलं राजारामपुरीतलं घर आणि आयुष्यभराची चित्रं लोकांसाठी सरकारकडे सोपवून टाकली, ते आज संग्रहालय आहे. तुमच्यातलीही काही माणसं पुढेमागे आपली चित्रं गावाला देतील. ती टांगायची, राखायची तर कुणाला तरी ते काम येत असायला हवं ना.

दिवाळीनंतर हॉलच्या तारखा लागायला सुरुवात होईल, तुमचे फोनही येतील, सर वर्गात येतील आणि आम्ही येऊच. यंदा एवढं करा: हॉल एक दिवस आधी घ्या, चित्रांची यादी आठवडाभर आधी पाठवा म्हणजे लेबलं आम्ही घरूनच नीट टाइप करून आणू, आणि शिडी चांगली बघून आणा.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
चित्रकला पदविकेच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी

ता. क. समई दाराजवळ ठेवली तरी फोटोत मागे चित्र येतं. मी उभी राहून बघितलंय.